ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार

सभा संपत आली की एक गृहस्थ हातात कागदाचे चिटोरे घेऊन ध्वनिक्षेपकापाशी येतात, आणि ते येताच श्रोते आपापल्या चपला शोधू लागतात. आभारप्रदर्शन हा कार्यक्रमपत्रिकेतील असा एक भाग आहे की जो गाळण्याचे धाडस कोणी करीत नाही आणि जो ऐकण्याचे कष्टही कोणी घेत नाही. त्या चिटोऱ्यावरील क्रम ठरलेला असतो. आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग ज्यांनी सभागृह दिले ते, मग देणगीदार, मग वृत्तपत्रांचे प्रतिनिधी. आणि घड्याळाकडे पाहत शेवटी ‘ज्या ज्ञात-अज्ञात व्यक्तींनी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष साहाय्य केले त्या सर्वांचे’. सकाळपासून सतरंज्या घालणारा, पाण्याचे पिंप भरणारा, अध्यक्षांची मोटार चिखलात रुतली असता रस्त्यावरून धावत येऊन खांदा देणारा, हे सारे या शेवटच्या अर्ध्या ओळीत बसविलेले असतात. अर्धी ओळ पुरी होण्याच्या आत राष्ट्रगीत सुरू झालेले असते.

या अर्ध्या ओळीविषयी थोडे लिहावयाचे आहे.

कृतज्ञता हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. त्याचा मूळ अर्थ मात्र नेमका आहे. जे केले गेले ते जाणणारा तो कृतज्ञ. हात जोडणे, डोळ्यांत पाणी आणणे, हार घालणे हे सारे नंतरचे. शब्दाची पहिली अट जाणण्याची आहे. कोणी केले, काय केले, आणि ते करताना त्याला काय पडले, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच कृतज्ञ म्हणावयाचे. याच्या उलट कृतघ्न म्हणजे केलेले मारून टाकणारा. आणि केलेले मारून टाकण्यास काही दुष्टपणा लागतो असे नाही. त्याची माहिती ठेवली नाही, एवढ्यानेही ते काम भागते. या अर्थाने पाहिले तर ‘अज्ञातांचे आभार’ हा प्रयोग मुळातच विचित्र आहे. ज्याला जाणलेच नाही त्याच्याविषयी कृतज्ञ कसे व्हावयाचे?

आप्तांच्या उपकारांची गोष्ट वेगळी. मामाने शिक्षणाला पैसे दिले, थोरल्या भावाने आपली नोकरीची संधी सोडली, याची जाणीव घरोघर असते. नसली तर ती करून देणारेही घरातच असतात. तेथे देण्याघेण्याचा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालतो आणि लग्नकार्यात तो बरोबर वरही येतो. शासनाकडून जे मिळते त्याची गोष्ट आणखी वेगळी. निवृत्तिवेतन, शिधापत्रिकेवरचे धान्य, गावाचा रस्ता, शाळेची खोली हे नागरिकाचे हक्क होत. त्यांच्याबद्दल आभार मागणे हेच मुळात अनुचित आहे. तथापि आज प्रत्येक मोरीवर आणि प्रत्येक बसथांब्यावर कोणाची तरी छायाचित्रे लावून आपल्याकडून हे आभार आगाऊ वसूल केले जातात. ज्याचा हक्क होता त्याला ‘लाभार्थी’ म्हणण्याची रीत पडली, आणि लाभ म्हटला की मागोमाग उपकार आलाच.

राहिला परका. त्याचे आपल्याशी नाते नाही, आपल्याकडून त्याला काही यावयाचे नाही, उद्या तो भेटण्याचीही खात्री नाही. त्याने केलेले भले कोणत्याच हिशेबात बसत नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने उपकार करावा कसा आणि घ्यावा कसा या एकाच विषयावर सात भागांचा ग्रंथ लिहिला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या धनाढ्य समाजालाही हा प्रश्न अवघड वाटत होता, असे यावरून म्हणावयास हरकत नाही. आपल्याला तो अवघड वाटत नाही, कारण आपण तो ‘ज्ञात-अज्ञात’ म्हणून निकालात काढला आहे.

आता एका दूरच्या तालुक्याकडे वळू. दूर असा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. तेथे राहणाऱ्यांना आपला गाव दूर वाटत नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याच्या बारा तालुक्यांपैकी मुलचेरा हा एक. चामोर्शी, अहेरी आणि एटापल्ली या तालुक्यांच्या मधोमध, दिना नदीच्या आसपासचा हा मुलूख. जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनाखाली आहे, आणि मुलचेऱ्याकडे जाताना त्या आकड्याचा अर्थ डोळ्यांना कळतो. साग, ऐन, मोह, बांबू; मध्येच धानाची बांधी; मध्येच गोंड-माडिया वस्तीचा टोला. आणि मग एकाएकी वेगळेच गाव लागते. सरळ आखलेले रस्ते, घरापाशी खणलेले मासळीचे तळे, केळीची झाडे, दुकानावर बंगाली अक्षरे. या भागात प्रथमच येणारा माणूस येथे थबकतो.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या कामासाठी ऑगस्ट महिन्यात या बाजूला जाण्याचा योग आला. दोन दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती. दुपारी तीनच्या सुमारास आमची बस एका नाल्याशी येऊन उभी राहिली. रपट्यावरून गुडघाभर पाणी वाहत होते. गुडघाभर पाणी म्हणजे त्या भागात फारसे काही नाही; पलीकडे जाऊ पाहणारे दोघेतिघे मोटारसायकलवाले आधीच तयारीत होते. त्यांच्या पुढ्यात एक म्हातारा उभा होता. कमरेला पंचा, डोक्यावरून घेतलेला प्लॅस्टिकचा कागद, हातात बांबूची काठी. तो एवढेच म्हणत होता, “थांबा जी. तिकडं रपटा नाही.”

पाण्याखालचे त्याला दिसत होते असे नव्हे. पहाटे पूर चढत असताना त्याने पलीकडच्या टोकाचा भराव खचताना पाहिला होता. वरून पाणी सपाट आणि शांत दिसत होते. एक तरुण त्याच्यावर खेकसला, दुसऱ्याने थट्टा केली. म्हातारा रागावला नाही, हटलाही नाही. काठी आडवी धरून तेच वाक्य पुन्हा म्हणाला. नवीन वाहन आले की तो पुन्हा पुढे होई. अंधार पडेपर्यंत, म्हणजे चांगले चार तास, तो त्या पावसात उभा होता. त्याला तेथे कोणी नेमले नव्हते. त्याच्या अंगावर गणवेश नव्हता, गळ्यात ओळखपत्र नव्हते, आणि अर्थातच अधिकार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरले तेव्हा पलीकडच्या टोकाला आठ-दहा हात लांबीचे भगदाड उघडे पडलेले सर्वांनी पाहिले. मोटारसायकलवाल्या तरुणांपैकी एक बराच वेळ त्याच्या कडेला बसून होता. म्हातारा मात्र त्या वेळी तेथे नव्हता. तो धानाच्या बांधीवर गेला होता. पावसाने बांध फोडले होते आणि रोवणी वाहून जाऊ पाहत होती. आदल्या दिवशीच्या चार तासांत त्याचे स्वतःचे किती बांध फुटले, हे विचारण्याचे कोणाला सुचले नव्हते.

ती रात्र आम्ही आठ प्रवाशांनी जवळच्या एका बंगाली कुटुंबाच्या ओसरीवर काढली. गृहस्थ साठीच्या पुढचे. मराठी उत्तम, पण तिच्यात बंगालीचा गोलावा. “या सर, या दादा, घर आपलंच आहे,” असे म्हणून त्यांनी मुलाला मुरमुरे, मिरची आणि चहा आणावयास सांगितले. रात्री भात आणि तळ्यातल्या माशाचे कालवण झाले. पैशाचा विषय निघण्याइतकी मोकळी जागाच त्यांनी ठेवली नाही. दाराबाहेर पाऊस चालू होता आणि झोप कोणालाच नव्हती, तेव्हा म्हाताऱ्याचा विषय निघाला. गृहस्थ त्याला ओळखत होते. पलीकडच्या टोल्यातला, दर पावसाळ्यात रपट्याशी येऊन उभा राहतो, असे ते म्हणाले. नावही त्यांनी सांगितले. ते येथे छापून त्याला काही लाभ नाही, म्हणून छापत नाही.

मग ते आपल्या आईविषयी बोलू लागले. हे कुटुंब पूर्व पाकिस्तानातल्या खुलना भागातले. १९६४ च्या दंगलीनंतर सीमा ओलांडून आले, रायपूरजवळच्या माना छावणीत राहिले, आणि तेथून या जंगलात आणले गेले. गृहस्थ तेव्हा सहा-सात वर्षांचे होते. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या आईचे दिवस भरले. दवाखाना जवळ नव्हता, रस्ता नव्हता, आणि बरोबरच्या बायकांतली जाणती सुईण छावणीतच तापाने गेली होती. कोणी निरोप दिला ते ठाऊक नाही. पण शेजारच्या टोल्यातली एक गोंड बाई भर पावसात आली. तिला बंगाली येत नव्हते, यांना गोंडी येत नव्हते, आणि मराठी कोणालाच येत नव्हते. दोन रात्री ती बाळंतिणीपाशी बसली. मुलगी झाली. बाईने नाळ कापली, घरून आणलेली आंबील बाळंतिणीला पाजली आणि ती निघून गेली.

“आई तिला काय म्हणाली?” आमच्यातल्या एकाने विचारले.

“काय म्हणणार? शब्द कुठे होते?” गृहस्थ हसले. मग म्हणाले की त्या वर्षीच्या कोजागरीला आईने लक्ष्मीपूजेचा नैवेद्य केला, तेव्हा नारळाचे लाडू मिळण्याची सोय नव्हती म्हणून मुरमुऱ्यांचे केले, आणि पहिले ताट घेऊन ती चालत त्या टोल्यात गेली. पुढे दर कोजागरीला हे चालू राहिले. ती बाई वारली, मग ताट तिच्या सुनेकडे जाऊ लागले. आई वारली, मग ते नेण्याचे काम त्या जन्मलेल्या मुलीकडे आले. तिचे लग्न याच तालुक्यात झाले आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या प्रघातात ‘धन्यवाद’ हा शब्द एकदाही उच्चारला गेला नसावा. धन्यवाद हा शब्द बंगालीतही आहे, मराठीतही आहे. दोन्हीकडे तो पुस्तकातून खाली उतरला आहे आणि दोन्हीकडच्या घरांत अजून अवघडूनच बसतो.

एका घरातील या हकिकतीवरून एकदम मोठे सिद्धान्त काढू नयेत हे खरे. परंतु ती ऐकल्यावर या वसाहतींच्या ज्ञात इतिहासाकडे वेगळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते. तो इतिहास थोडक्यात असा : फाळणीनंतर पूर्व बंगालमधून हिंदू निर्वासितांचे लोंढे येतच राहिले. पश्चिम बंगालमध्ये त्यांना सामावून घेण्यास जागा नाही असे ठरले आणि १९५८ मध्ये केंद्र सरकारने दंडकारण्य प्रकल्प सुरू केला. बस्तर आणि कोरापुट या जिल्ह्यांतील जंगल तोडून तेथे वसाहती आखल्या गेल्या. महाराष्ट्रातील तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही अशीच वसाहत झाली; आजच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतील बंगाली गावे ही त्याची फळे. आलेल्यांमध्ये नामशूद्र शेतकरी बहुसंख्य होते. नद्यांच्या मुखाशी, गाळाच्या जमिनीत, होड्यांच्या सोबतीने वाढलेली ही माणसे मध्य भारताच्या कोरड्या जंगलात आणून ठेवली गेली. अनेकांना ते सोसले नाही. १९७८ मध्ये दंडकारण्यातून हजारो कुटुंबे उठली आणि सुंदरबनातील मरीचझापी बेटाकडे निघाली. १९७९ मध्ये तेथे पोलिसी बळ वापरून त्यांना हुसकावण्यात आले. जे मागे राहिले ते येथलेच झाले.

या इतिहासात आभार कोणाचे मानले गेले? प्रकल्पाचे, पुनर्वसन खात्याचे, जमिनीचे पट्टे देणाऱ्या अधिकाऱ्यांचे. त्यांतील अनेकांनी मनापासून कष्ट केले असतील. त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु या साऱ्या कारभारात ज्यांना कोणी काहीच विचारले नाही असा एक पक्ष होता. जी जमीन तोडून दिली गेली तेथे आदिवासी मोह वेचीत होते, गुरे चारीत होते, सरपण आणि कंद आणीत होते. कागदावर ती जमीन सरकारी वनाची होती म्हणून त्यांची संमती घेण्याचा प्रश्न कोणाला पडला नाही. एके सकाळी झाडे पडू लागली, तंबू उभे राहिले आणि अनोळखी भाषा बोलणारी हजारो माणसे शेजारी येऊन राहिली. यजमानाला न विचारता त्याच्या घरी पाहुणे उतरविले गेले. वर त्याला यजमान म्हणावे असेही कोणाच्या मनात आले नाही.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. आदिवासींचे औदार्य, त्यांचा भोळेपणा, त्यांचा निसर्गदत्त प्रेमळपणा यांवर शहरी माणसाने गहिवरून लिहावे, याचा आता वीट आला आहे. ज्याची जमीन गेली त्याच्या औदार्याची स्तुती करणे हे पुष्कळदा जमीन गेल्याचे न बोलण्याचे एक साधन असते. ती गोंड बाई दोन रात्री बसली ते तिचे स्वतःचे चांगुलपण. तिच्या टोल्याभोवतीचे जंगल कमी झाले तो शासनाचा निर्णय. दुसऱ्याची भरपाई पहिल्याने होत नाही. खरी कृतज्ञता ही दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणून असते, आणि म्हणूनच ती आभारप्रदर्शनाहून अवघड असते.

आणि शेजार सदैव गोडच राहिला असेही नाही. जमिनीच्या हद्दी, तळ्याचे पाणी, बाजारातील भाव, सावकारी यांवरून दोन्ही समाजांत कुरबुरी झाल्या आहेत. बंगाली वसाहतवाल्यांचीही आपली गाऱ्हाणी आहेत. जमिनीचा निर्वेध मालकी हक्क मिळावा आणि नामशूद्रांना पश्चिम बंगालप्रमाणे येथेही अनुसूचित जातीत स्थान मिळावे, या त्यांच्या जुन्या मागण्या आहेत. भांडणे न्यायालयात आणि तहसील कचेरीत व्हावयाची ती होवोत. पण समोरच्याच्या आजीने आपल्या आत्याची नाळ कापली होती हे ठाऊक असलेला माणूस त्या कचेरीत थोडा वेगळ्या सुरात बोलतो. ते ठाऊक नसलेल्या माणसासमोर केवळ एक प्रतिपक्ष उभा असतो.

परक्याचे ऋण जाणून ठेवणे ही काही एका कुटुंबाची हळवी सवय नव्हे. ते सबंध समाजालाही जमू शकते. याचे उदाहरण आपल्याच राज्यात, मुलचेऱ्यापासून पार दुसऱ्या टोकाला, कोल्हापुराजवळ आहे. १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड बळकावला आणि पुढच्या दोन वर्षांत लाखो पोलिश नागरिकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठविले. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा या कैद्यांची सुटका झाली. त्यांतील हजारो स्त्रिया आणि मुले इराणमार्गे बाहेर पडली. त्यांना घ्यावयास सहजासहजी कोणी तयार नव्हते. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी निवारा उभारला. पाठोपाठ १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे मोठी छावणी झाली आणि सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तेथे येऊन राहिले. बराकी, चर्च, शाळा, रुग्णालय असे सबंध गावच पंचगंगेच्या खोऱ्यात वसले. छावणीचा खर्च लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारकडून होत असे, तेव्हा कोल्हापूरकरांनी त्यांना पोसले असे म्हणणे अतिशयोक्त होईल. पण पैशाने धान्य मिळते. शेजार मिळत नाही. पाच वर्षे ही माणसे भोवतालच्या गावांच्या बाजारांत हिंडली, मराठी शब्द शिकली, मुले मोठी झाली. एक पोलिश तरुणी तर कोल्हापूरच्या तरुणाशी विवाह करून तेथेच कायमची राहिली.

१९४८ मध्ये छावणी बंद झाली. ती मुले इंग्लंड, पोलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली. युद्धोत्तर पोलंडमध्ये रशियाने केलेल्या हद्दपारीविषयी बोलणे अवघड होते, त्यामुळे वळिवड्याविषयी बोलणेही अवघडच होते. तरी त्यांनी आपली संघटना बांधली, आठवणी लिहिल्या, छायाचित्रे जपली, आणि म्हातारपणी ती कोल्हापूरला परत परत आली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये, युद्धाला ऐंशी वर्षे झाली तेव्हा, त्या छावणीत वाढलेले आता ऐंशी-नव्वदीचे झालेले पोलिश नागरिक वळिवड्यात स्मृतिस्तंभाच्या अनावरणासाठी आले होते. वॉर्सा शहरात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे आणि कोल्हापूरच्या छावणीचेही स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन अभिवादन केले. एका मराठी जिल्ह्याच्या ठिकाणाचे नाव वॉर्सात दगडावर कोरलेले आहे, हे आपल्यापैकी कित्येकांना त्या दिवशी प्रथम कळले. उपकार करणाऱ्याला ठाऊक नाही आणि घेणाऱ्याने मात्र पाऊणशे वर्षे जपून ठेवले, असा हा प्रकार.

वळिवड्याच्या त्याच बराकींत पुढे फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि तेथे आजचे गांधीनगर उभे राहिले. कापडाची घाऊक पेठ म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. सकाळी खरेदीला जाणाऱ्या किती जणांना आपण दोनदा निर्वासितांना आसरा दिलेल्या भूमीवर उभे आहोत याची कल्पना असते, कोण जाणे!

याउलट आपण स्वतः काय जपले? १९३८ मध्ये जपानी आक्रमणाने पोळलेल्या चीनच्या साहाय्याला राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांतले एक. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते चीनमध्येच वारले. १९६२ चे युद्ध झाले, संबंध बिघडले, तरी चिनी लोकांनी कोटणीसांना विस्मृतीत टाकले नाही. शिजियाझुआंगमध्ये त्यांचे स्मारक आहे. आपल्याकडे शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे त्यांचे नाव तरी राहिले. पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, वयाने कोटणिसांपेक्षा पुष्कळ वडील; त्या वयात ते परक्यांच्या युद्धभूमीवर गेले. नागपूरच्या किती शाळांतून त्यांचे नाव सांगितले जाते? परक्यांसाठी आपल्यातला कोणी झिजला हे परक्यांनी लक्षात ठेवावे आणि आपण विसरावे, अशी कामाची वाटणी आपण करून घेतलेली दिसते.

मुलचेऱ्याच्या बाबतीत मात्र लक्षात ठेवणारे आणि लक्षात ठेवावयाचे असे दोघेही एकाच तालुक्यात राहतात, आणि अजून हातात थोडा वेळ आहे. १९६४ मध्ये जे पंचविशीत होते ते आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. ज्यांनी त्यांना पहिल्या उन्हाळ्यात पाण्याची झिरी दाखविली, कोणता कंद विषारी ते सांगितले, बैल दोन दिवस दिला किंवा दिला नाही, ते गोंड आणि माडिया शेजारीही त्याच वयाचे. ही पिढी गेली की वसाहतीचा इतिहास म्हणून फक्त सरकारी धारिका उरतील. त्यांत भूखंडाचा क्रमांक सापडेल, बैलजोडीसाठी दिलेले कर्ज सापडेल. दोन रात्री बाळंतिणीपाशी बसलेल्या बाईचा उल्लेख सापडणार नाही.

माझी सूचना साधी आहे आणि तिला अनुदान लागत नाही. या भागातील शाळांत बंगाली, गोंडी, मराठी, तेलुगू अशा नाना भाषा घरी बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात. आठवी-नववीच्या वर्गशिक्षकांनी त्यांना घरी एवढेच विचारून यावयास सांगावे : आपल्या घरच्यांना कोणत्या परक्याने, केव्हा, काय मदत केली, आणि आपल्या घरच्यांनी कोणत्या परक्याला केली. ज्या भाषेत आजी सांगेल त्या भाषेत लिहावे, देवनागरीत लिहावे. गाव, ऋतू, अंदाजे वर्ष, सांगणाराचे वय एवढे टिपावे. कोणी मदत नाकारली असेल तर तेही लिहावे. तोंडी आठवणींना काय किंमत, असे कोणी म्हणेल. त्यांनी २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियम पाहावेत. दाव्याच्या पुराव्यांत गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले निवेदन तेथे ग्राह्य धरले आहे. जमिनीसाठी जी आठवण शासनाला चालते ती शाळेला न चालण्याचे कारण नाही.

हे काम करण्यास जून-जुलै सोयीचा नाही; रोवणीच्या दिवसांत वडीलधारे घरी सापडत नाहीत आणि रस्तेही बंद असतात. कोजागरीनंतर धान कापणीला येईपर्यंत मध्ये थोडी उसंत असते. दिवाळीच्या सुटीला जोडून मुलांना शंभर पानी वही द्यावी. तालुक्यातील दोन-तीन शाळांनी जरी पहिल्या वर्षी सुरुवात केली, तरी त्या वह्या ग्रंथालयातील कपाटाचा एक कप्पा भरतील, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना तो उघडून वाचता येईल.